चिंगसच्या पुढचा रस्ता

सैन्यात मी इंजिनिअर्स ही शाखा मागून घेतली ती राम राघोबा राणे यांच्यामुळे. आजोबा मराठा पलटणीतले, मामाही त्याच पलटणीतला. मीसुद्धा बेळगावची वाट धरणार हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. डेहराडूनला शेवटच्या सत्रात पसंतीचा कागद हातात आला, तेव्हा पहिल्या रकान्यात मी इंजिनिअर्स लिहिलं. आजोबांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फावडी घेऊन जाणार व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. नातवाला लढाई दिसणार नाही अशी.

मला मात्र लढाईच दिसत होती. १९४८चा एप्रिल. नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूनं सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून बंद केलेला. रणगाडे पुढं गेल्याशिवाय राजौरी सुटणार नाही, आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे जाणार नाहीत. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राणे बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर्सच्या दलाची तुकडी घेऊन कामाला लागले. उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, ते स्वतः जखमी झाले, पण मागं आले नाहीत. रणगाड्याच्या आडोशानं सरपटत त्यांनी सुरुंग काढले, वाटेतली पाइनची झाडं हटवली, जिथं रस्ता उपयोगाचा राहिला नव्हता तिथं बाजूनं वळणवाट काढली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. १९४०मध्ये साधा सॅपर म्हणून भरती झालेला माणूस इथवर पोचला, आणि पदक घ्यायला स्वतः हयात होता, याचं मला त्या वयात फार अप्रूप वाटायचं. खडकवासल्याला ही हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचली. दर वेळी डोळ्यांपुढं यायचा तो रणगाडा, सुटणारे गोळे आणि मातीत पालथा पडलेला अधिकारी. त्याच्या माणसांच्या हातातली कुदळ-फावडी कधी दिसली नाहीत.

ती दिसली दापोडीला, सॅपर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात. बेली पुलाचं एक पॅनल दहा फूट लांब, वजनाला साधारण २६० किलो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्यानं ही रचना काढली ती अशा हिशेबानं, की क्रेन नसली तरी माणसांच्या बळावर पूल उभा राहावा. सहा जण दांडे घालून पॅनल उचलतात. सहाही जणांची पावलं एकदम पडावी लागतात. एकाचं चुकलं की वजन दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. दोन पॅनलची टोकं समोरासमोर आणायची, भोकाला भोक जुळवायचं आणि पोलादी पिन ठोकायची. भोक जुळलं की नाही ते बोट घालून बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगतात, कारण पॅनल इंचभर सरकलं तर बोट राहत नाही. पूल काठावर बांधत जायचा आणि रोलरवरून पलीकडे ढकलायचा. पुढं जोडलेलं हलक्या सांगाड्याचं नाक खाली कसलाही टेकू नसताना पाण्यावरून पुढं पुढं जातं, आणि मागच्या पुलाच्या वजनानं तोल राहतो. ते नाक पलीकडच्या रोलरवर टेकलं तेव्हा माझे हात सोललेले होते, आणि पहिल्यांदा वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलोय. गोळी नाही, शत्रू नाही, आणि तरीही तसं वाटलं.

हा भाव टिकला नाही. सॅपर अधिकाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी एमईएस येतंच, म्हणजे छावणीतल्या इमारती, पाणी, वीज, दुरुस्ती. माझ्या वाट्याला ते बऱ्यापैकी आलं. गळकी छतं, तुंबलेली गटारं, ठेकेदारांची बिलं, लेखापरीक्षणाचे शेरे. एका छावणीत जवानांच्या क्वार्टर्सची छतं बदलायचा प्रस्ताव मी हिवाळ्यात पाठवला. मंजुरी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि ती यायच्या आत पावसाळा आला. सीमेवर असलेल्या एका जवानाची बायको तान्ह्या मुलाला घेऊन कार्यालयात आली आणि म्हणाली, "साहेब, रात्रभर खाट हलवत होते, कोरडी जागाच मिळंना." तिला द्यायला माझ्याजवळ ताडपत्री होती. त्याच दिवसांत माझ्या बरोबरीचा एक मित्र ताबारेषेवर कंपनी सांभाळत होता. आजोबांची काळजी खरी ठरली, असं तेव्हा मला मनापासून वाटायचं. आजही मी त्या वर्षांना गोड म्हणणार नाही. पण त्या बाईचा नवरा सीमेवर शांत झोपू शकतो की नाही, हे त्या छतावर अवलंबून होतं, आणि ते छत माझं काम होतं. हे समजायला मला वेळ लागला. त्या दिवशी फक्त लाज वाटली.

नंतर सीमा रस्ते संघटनेत गेलो. झोजी ला खिंड ३,५२८ मीटर उंचीवर. हिवाळ्यात बर्फानं बंद होते, आणि वसंतात दोन्ही बाजूंनी बर्फ कापत आतल्या दिशेनं यावं लागतं. डोझरच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती माणसाच्या कितीतरी वर जातात. ऊन तापलं की वरचा उतार घसरतो, म्हणून पहाटे काम उरकायचं. लडाखचे रस्ते सैन्याचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांची खडी ज्यांच्या हातांनी पसरली त्यांतले कितीतरी जण झारखंडच्या दुमक्याहून आलेले मजूर आहेत. बर्फ ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं ती माणसं तिथं डांबर उकळवत उभी असायची. सॅपर्सच्या ब्रीदवाक्यात 'सर्वत्र' आहे. माझ्या लेखी त्या शब्दावर त्यांचाही हक्क आहे.

नागरी कामांना सैन्य बोलावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०१७मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर तिथला पादचारी पूल बॉम्बे सॅपर्सनी बांधला आणि २०१८च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. सैन्यानं हे का करावं, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो योग्यच होता. रोजच्या कामासाठी सैन्याची सवय लागू नये. आपत्तीची गोष्ट निराळी. जुलै २०२४च्या अखेरीस वायनाडमध्ये डोंगर खाली आला. १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत मद्रास सॅपर्सनी चूरलमलाला १९० फुटांचा बेली पूल उभा केला. त्या पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके यांचं छायाचित्र देशभर गेलं. त्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. मी तेव्हा निवृत्त होतो. ते छायाचित्र मी मोठं करून बघितलं, आणि आधी नजर गेली ती पॅनलच्या पिनांवर.

पण माझी शाखा मला खरी कळली ती सुरुंग काढताना. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, आणि २००२च्या शेवटाकडे सैन्य मागं येऊ लागलं तसे ते काढायची पाळी आली. फाजिल्काकडची गव्हा-कापसाची शेतं होती ती. नकाशावर ओळी सरळ असतात, जमिनीत त्या सरळ राहत नाहीत. पाऊस, कालव्याचं पाणी, उंदीर-घुशी सुरुंगाला जागचं हलवतात. प्लास्टिकच्या छोट्या सुरुंगात धातू नावालाच, तेव्हा यंत्रावर विसंबता येत नाही. पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, तिरका खुपसत इंच इंच पुढं जायचं. सरळ खुपसला तर तो सुरुंगाच्या माथ्यावर बसतो. माझ्या तुकडीत खटाव तालुक्यातला एक हवालदार होता. नव्या पोराचा हात थरथरायला लागला की तो शेजारी आडवा व्हायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "भुईमूग काढतोयस असं समज. माती सैल कर, शेंग तुटू देऊ नको." आमची सगळीच माणसं धड परत आली असं नाही. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

त्या रात्रींमध्ये राणे यांची हकीकत मी पुन्हा वाचली, आणि जी ओळ आजवर ओलांडून जात होतो तिथं थांबलो. ११ एप्रिलला सकाळी राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला. रणगाडे निघाले. गोष्ट तिथं संपायला हरकत नव्हती. पण राणे त्या रात्री उशिरापर्यंत पुढचा रस्ता मोकळा करतच राहिले. त्या कामाचं चित्र कुणी काढलेलं नाही. त्या तासांत त्यांनी जे केलं ते खटावचा हवालदार रोज करत होता: माती सैल करायची, वस्तू उचलायची, हातभर पुढं सरकायचं. मी ज्याला पराक्रम म्हणून निवडलं होतं, तो हेच साधं काम माऱ्याखाली न थांबवणं होता. अपेक्षेप्रमाणे मिळालं का, असं धाकटे अधिकारी विचारतात तेव्हा मी नाही म्हणतो. रणगाड्याखालची ती घटका मला मिळाली नाही, आणि तिची हळहळ अजून वाटते. पण शाखा पुन्हा निवडायची झाली, तर पहिल्या रकान्यात मी तेच लिहीन.

शेत मोकळं झालं की ते परत देताना आम्ही आधी स्वतः आडवे-उभे चालून दाखवायचो. मालकाला त्याशिवाय भरवसा कसा वाटणार? एका शेताचे मालक दोघे भाऊ होते. आम्ही चालत असताना ते कडेला गप्प उभे होते. चालणं संपल्यावर थोरला पुढं आला. मला वाटलं, नुकसानभरपाईचं विचारेल. तो म्हणाला, "साहेब, आमच्या दोघांमधला बांध कुठं गेला?" खंदक आणि गाड्यांमध्ये बांध पार सपाट झाला होता, आणि त्यावरून दोघांत आत्ताच धुसफूस सुरू झाली होती. आमच्या सुरुंगांच्या नोंदवहीत विहिरीपासूनची आणि कालव्याच्या दारापासूनची मापं होती, बांधाची जागाही टिपलेली होती. हवालदारानं टेप काढला. एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या, आणि आम्ही विहिरीपासून मोजायला सुरुवात केली.