जुना दाखला

प्राप्तिकर भरताना ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर पाहिला की आम्ही कुरकुरत असू. आमची मुले फी भरून शिकली; मग जिल्हा परिषदेच्या शाळेचा भार आम्ही का सोसावा?

परवा ट्रंकेत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. शाळा लोकल बोर्डाची. आजोबांची भातशेती बेताची. फी देण्याची ऐपत नव्हती. वडिलांना अक्षर लाभले ते अनोळखी माणसांच्या करातून.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला बजावले होते: महसूल रयतेच्या श्रमाचा, शिक्षण मात्र वरच्या वर्गाला. त्या रयतेतलेच आमचे आजोबा. आज आम्ही वरच्या पायरीवर बसून हिशेब मागतो!

यंदाचा उपकर आम्ही मुकाट्याने भरला. ते दान नव्हे. ऋणाचा हप्ता होय.