नेरच्या तारांखाली

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर लागते. जुनी माणसे त्याला नेर परसोपंत म्हणतात. हे माझे माहेर. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन गेले, तेव्हा भाईजानचा मोठा मुलगा मोबाइलवर विजेचे खांब टिपत हिंडताना दिसला.

"एवढा कापूस फुटला आहे, तुरीला फुले आली आहेत, आणि तू खांबांचे फोटो काढतोस?" मी हसून विचारले.

"फुफी, उद्या फजरनंतर शेताकडे चला, मग बोला."

सकाळी कोवळ्या उन्हात तारा चांदीच्या दोऱ्यांसारख्या चमकत होत्या. त्याने मला खांब ओळखायला शिकवले. तार ताणून बांधलेली असते तिथल्या चिनी मातीच्या ताटल्या मोजायच्या. ११ हजार व्होल्टला साधारण एक, ३३ हजारांना तीन, १३२ हजारांच्या लोखंडी मनोऱ्यावर नऊ-दहा. या ताटल्या वीज खांबात उतरू देत नाहीत. शेतातल्या डीपीत ११ हजारांचा दाब कमी होऊन मोटारपंपाला चालेल एवढा, म्हणजे ४१५ व्होल्टच्या आसपास होतो.

तारेवर कोतवाल बसला होता. "त्याला शॉक का लागत नाही?" माझ्या मुलीने विचारले. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून वीज त्याच्या अंगातून जात नाही. मोठ्या पक्ष्याचे पंख दोन तारांना एकदम लागले तर मात्र तो वाचत नाही.

तारा थोड्या सैल का असतात, तेही कळले. उन्हाळ्यात ॲल्युमिनियम तापून लांबते, थंडीत आखडते. अगदी ताठ बांधली तर तार थंडीत तुटेल.

मग त्याने दोन फोटो दाखवले. आमच्या शेताच्या वाटेचे, एकाच जागेवरून काढलेले. एक पावसाळ्याआधीचा, एक आताचा. काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. खांब कलला होता, त्याचा ताण ढिला पडला होता आणि ११ हजारांची तार वाटेवर लोंबत होती. रस्ता ओलांडणारी अशी तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच हवी. काठी लावून मोजायचा प्रश्नच नव्हता. ती किती खाली आली आहे, हे फोटोतच दिसत होते.

भाईजान रोज तिथून जात होते. दोन दिवसांनी याच वाटेने कापसाची भरलेली बंडी येणार होती, आणि बंडीवर माणूस बसतो.

घरी येताच भाईजाननी १९१२ वर फोन करून खांबाचा क्रमांक सांगितला. वायरमन आले, त्यांना दोन्ही फोटो दाखवले. तोपर्यंत कापूस दुसऱ्या वाटेने, डोक्यावर गाठोडी घेऊन आणला. तिसऱ्या दिवशी लाइन बंद करून, तारांना अर्थिंग लावून माणसे खांबावर चढली. खांब सरळ झाला, ताण आवळला गेला.

फोटो काढताना पोराचा एक नियम आहे: लांब उभे राहायचे, खांबाला किंवा ताणाला हात लावायचा नाही, तुटलेल्या तारेजवळ जायचेच नाही. हा नियम मी आता माझ्या मुलांनाही लावला आहे.

मगरिबच्या थोडे आधी भाईजान भरलेली बंडी घेऊन त्याच वाटेने आले. तारेखाली येताच वर बसलेल्या गड्याने मान उचलून पाहिले. त्याच्या डोक्यावर भरपूर आभाळ होते.