अब्बांची जीप

अब्बा २०१६ साली गेले. मागे राहिलं ते पाटणमधलं जुनं घर, बाजारपेठेतला गाळा आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधली १९६५ सालची जीप. घराची वाटणी झाली, गाळ्याची झाली. जीपचा विषय कुणी काढला नाही. कागद अम्मीच्या नावावर केले आणि सोडून दिलं. आम्ही चार भावंडं. ती चौघांची होती, म्हणजे तशी कुणाचीच नव्हती. ईदच्या दिवशी धाकटा ती चालू करायचा, पोरांना भरून ईदगाहापर्यंत न्यायचा आणि परत शेडमध्ये लावायचा.

२०२३ च्या ईदला घराच्या चढावरच तिनं दम सोडला. मागून निळा धूर, बॉनेटखालून खडखड. पोरं उतरली आणि ढकलत तिला वर घेऊन आली. त्या दिवशी शिरखुर्मा पिताना पहिल्यांदा प्रश्न निघाला : हे इंजिन बांधून घ्यायचं की काढून दुसरं बसवायचं?

ही जीप अब्बांनी १९७२ च्या दुष्काळात एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. मिरची, मसाला, गूळ, बांगड्या असा माल भरून ते कोयनेच्या खोऱ्यातले आठवडी बाजार करत. हेळवाकच्या पुढे रस्ता नावालाच होता. पावसाळ्यात एसटी बंद पडली की बाळंतिणीला पाटणच्या दवाखान्यात आणायला लोक अब्बांच्याच दारात येत. ती कुणाची, कुठल्या जातीची, हे विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. पेट्रोल मात्र ते आपल्याच खिशातून घालत आणि त्यावरून अम्मी कुरकुरत असे.

रात्री गाडी धुताना अब्बा एक गोष्ट हमखास सांगत. ही जीप बनवणाऱ्या कंपनीचं नाव १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असं होतं. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अद्याक्षरं तीच राहिली. “ते मोहम्मद गेले,” अब्बा हसून म्हणत, “तुमचे आजोबा इथंच राहिले. त्यांना कुणी अर्थमंत्री करणार नव्हतं.” लहानपणी आम्ही नुसते हसायचो. त्या हसण्यात आणखी काही होतं, हे पुढे कधीतरी कळलं.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. दुकान आता तो चालवतो, गावोगाव माल तोच पोचवतो. जुन्या जीपवाल्यांपैकी कित्येकांनी पेट्रोलचं इंजिन काढून पिजोचं डिझेल इंजिन टाकलंय. कंपनीनंही पुढच्या जीपमध्ये तेच दिलं होतं. आपली लिटरला सात-आठ किलोमीटर जाते, डिझेलवर बारा जाईल. सुटे भागही मिळतात. थोरल्यांना हे पटेना. ते म्हणाले, “हिचं बॉनेट एवढं उंच कशामुळे आहे? आतल्या हरिकेन इंजिनामुळे. इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच केलं. तेच काढलं तर मग हिच्यात हिचं राहिलं काय?” गोष्ट खरी होती. त्या इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात आणि धूर सोडणारे खाली, ब्लॉकमध्ये. त्यामुळे आधीच्या विलीज इंजिनापेक्षा ते उंच झालं. अमेरिकेत ही सीजे-३बी जीप १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे पुढं कितीतरी वर्षं निघत राहिली.

थोरल्यांनी आणखी एक कागद आणला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. अट एवढीच की गाडी मूळ रूपात पाहिजे. इंजिन बदललं की ते दार बंद. आपा आमच्यात सगळ्यात शांत. तिनं तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “यात लिहिलंय, ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोज वापरायची नाही.” धाकटा उसळला. “अब्बांची कबर आहे आपल्याला फातिहा पढायला. जीपची मजार कशाला बांधायची?”

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी अम्मी म्हणाली, “आधी उस्तादांना दाखवा. आजार कळल्याशिवाय औषधाचं भांडण कशाला?”

उस्ताद कऱ्हाडचे. वय सत्तरीच्या पुढं, अब्बांच्या वेळचे मिस्त्री. त्यांनी चारही प्लग काढले आणि एकेका सिलिंडरचा दाब मोजला. तीन ठिकाणी ऐंशी पौंडांच्या आसपास, तिसऱ्या सिलिंडरला जेमतेम साठ. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं. साठाचे नव्वद झाले. “व्हॉल्व्ह ठीक आहेत,” उस्ताद म्हणाले. “ऑइलनं दाब वाढला म्हणजे गळती रिंगांवाटे आहे. सिलिंडर घासलेत. हिला बोअर कितीचा केलाय?”

ते आम्हाला माहीत नव्हतं. अब्बांच्या लाल खतावणीत सापडलं. उधारीच्या पानांच्या मागे जीपचा हिशोब होता. १९७९ : बोअर २०. १९९१ : बोअर ४०, नवे पिस्टन. १९८४ : गिअरबॉक्स दुसरा. १९९६ : बॉडीचा पत्रा नवा. वाचता वाचता थोरल्यांचा आवाज खाली आला. जी जीप मूळची म्हणून आम्ही जपत होतो, तिचे निम्मे भाग अब्बांनीच बदलले होते. बदलताना त्यांना कधी वाईट वाटलं असेल, अशी खूण एकाही पानावर नव्हती. प्रत्येक नोंदीपुढे फक्त खर्च आणि त्याखाली एक ओळ : ‘चालू झाली.’

४० म्हणजे हजारांश इंचाच्या हिशोबात शेवटचं माप. आणखी घासून मोठं करायला जागा नव्हती. उरला एकच उपाय : सिलिंडरमध्ये स्लीव्ह ठोकायच्या आणि बोअर परत मूळ मापावर, सव्वातीन नव्हे, तीन पूर्णांक एक अष्टमांश इंचावर आणायचा. खर्च लाखाच्या वर. डिझेल इंजिन साठ हजारांत बसत होतं. पण त्यासाठी चेसिसवरचे माउंटिंग कापून नवे वेल्ड करावे लागणार होते. शिवाय आरटीओच्या परवानगीविना इंजिन बदलता येत नाही. नोंदणीत इंजिन नंबर बदलायचा, इंधन बदलायचं आणि तेही जुन्या डिझेल इंजिनाचं. ते सोपं नव्हतं.

शेवटी आपानं तोड काढली. “ब्लॉकला तडा असेल तर डिझेल. नसेल तर हेच बांधायचं. आणि बांधलं तर वापरायचं, शेडमध्ये ठेवायचं नाही.” दोघंही भाऊ ‘हो’ म्हणाले.

इंजिन उतरवून ब्लॉक उघडा केला त्या दिवशी आम्ही चौघंही कऱ्हाडला होतो. उस्तादांनी ब्लॉक स्वच्छ केला, रॉकेल फासलं, थोड्या वेळानं कोरडा पुसला आणि वरून खडूची पूड लावली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही अर्धा तास त्या पांढऱ्या लोखंडाकडे बघत उभे होतो. रेघ उमटली नाही. धाकट्यानंच पहिल्यांदा खिशात हात घातला आणि म्हणाला, “माझा हिस्सा किती?”

काम दोन महिने चाललं. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंड, बेअरिंग. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं सडतं. म्हणून नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदाही नवा घातला. व्हिंटेजची नोंदणी आम्ही केली नाही. साधा नंबर आहे, दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची.

बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर दमानं चालवायचं असतं. ते हजार कसे घालायचे, हे अम्मीनं ठरवलं. दर सोमवारी धाकटा माल भरतो आणि हेळवाकपर्यंत हळूहळू जाऊन येतो. पहिल्या दिवशी अम्मी पुढं बसली होती. परत आल्यावर तिनं लाल खतावणी मागवली, थोरल्यांच्या हातात पेन दिलं आणि खर्चाच्या आकड्याखाली लिहायला सांगितलं : ‘चालू झाली.’