संगमरवरासमोर ठेवायच्या तारखा

कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल पाहायला आलेला माणूस आधी बागेतून इमारत डोळे भरून पाहतो, छायाचित्रं काढतो आणि मग संग्रहालय पाहायला आत शिरतो. संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला ही विभागणीच मान्य नाही. तिथली सर्वांत महत्त्वाची संग्रहवस्तू म्हणजे ती इमारत. दालनातल्या एखाद्या तलवारीबद्दल आपण जे विचारतो, तेच या इमारतीबद्दलही विचारायला हवं: कोणी घडवली, कोणाच्या पैशाने, कोणत्या काळात आणि कशासाठी? हे प्रश्न विचारले, की साम्राज्याचं वैभव सांगायला बांधलेली वास्तू साम्राज्याच्या उतरणीचा पुरावा देऊ लागते.

आधी हेतू पाहू. जानेवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी वारली आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने स्मारकाची कल्पना मांडली. त्याला स्मारकासोबत हिंदुस्थानच्या इतिहासाचं संग्रहालयही हवं होतं. तिथे कोणाला जागा मिळेल, हेही त्याने त्याच वर्षीच्या भाषणात सांगून टाकलं. इंग्रजांशी लढलेल्या टिपू सुलतानाला त्याची हरकत नव्हती; १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांच्या पगडीची किनारसुद्धा मात्र तो आत येऊ देणार नव्हता. सन्माननीय शत्रू कोण आणि गुन्हेगार कोण, हे जेताच ठरवणार होता. वास्तूची भाषाही याच हेतूला धरून आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचा आराखडा करणाऱ्या विल्यम एमर्सनने इथे युरोपीय रेनेसान्स शैलीला मुघल छटांची जोड दिली. संगमरवर आणला तो मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाचा. याच काळात कर्झन ताजमहालाच्या दुरुस्तीतही जातीने लक्ष घालत होता. हे दोन्ही एकत्र पाहिलं, तर इंग्रजी सत्तेला मुघलांची वारस म्हणून उभं करण्याची धडपड लक्षात येते.

आता या संगमरवरासमोर तारखा ठेवून पाहा. बंगालची फाळणी १६ ऑक्टोबर १९०५ रोजी अमलात आली, स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली. अशा वातावरणात ४ जानेवारी १९०६ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स जॉर्जने स्मारकाची कोनशिला बसवली. याच दौऱ्यात, दोनच महिन्यांपूर्वी, त्याने मुंबईच्या संग्रहालयाचीही कोनशिला बसवली होती. कर्झन तोवर पद सोडून गेला होता. १९११ च्या डिसेंबरात याच जॉर्जने, आता सम्राट म्हणून, दिल्ली दरबारात दोन घोषणा केल्या: फाळणी रद्द झाली आणि राजधानी दिल्लीला निघाली. राजधानीचं भूषण म्हणून कल्पिलेलं स्मारक पुरं होण्याआधीच त्या शहराचं राजधानीपण गेलं. २८ डिसेंबर १९२१ रोजी जॉर्जच्या मुलाने उद्घाटन केलं, तेव्हा असहकार चळवळ ऐन भरात होती. चार दिवसांपूर्वी तो शहरात आला, त्या दिवशी कडकडीत हरताळ पाळला गेला होता आणि चळवळीचे बंगालमधले नेते चित्तरंजन दास तुरुंगात होते. कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंतची ही जेमतेम सोळा वर्षं. साम्राज्य अढळ आहे, हा संगमरवराचा दावा इमारत उभी राहता राहताच पोकळ ठरत होता.

मग परक्या सत्तेची ही खूण हटवावी किंवा निदान तिचं नाव तरी बदलावं, असा एक आक्षेप येतो. त्यामागची वेदना खरी आहे. पण या बांधकामाचा एक कोटीहून अधिक रुपयांचा खर्च संस्थानिकांच्या आणि इथल्या लोकांच्या वर्गणीतून निघाला. काम केलं ते मार्टिन आणि कंपनीने, आणि सर राजेंद्रनाथ मुखर्जी तिचे भागीदार होते. दगड आपला, पैसा आपला, मेहनतही आपलीच. असा पुरावा पुसला, तर सत्तेने प्रजेकडून काय काय करवून घेतलं हेच पुसलं जाईल. मुंबईत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली मूळ जागेवरून हलवून राणीच्या बागेत नेला. चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव राहिलं, पण पुतळा आणि त्याची जागा यांचा संबंध तुटला. साम्राज्याने भर चौकात स्वतःचा राजा कसा उभा केला होता, हे बागेतल्या पुतळ्याकडे पाहून उमगत नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे. लोक इथे निवांत फिरायला, सुंदर काही पाहायला येतात, त्यांच्यावर इतिहासाचं ओझं कशाला? घुमटाचं आणि बागेचं सौंदर्य मी नाकारत नाही. पण राज्यकर्त्यांनी दिपवण्यासाठीच हे सौंदर्य निवडलं होतं, हे कळल्याने पाहण्यातला आनंद कमी होत नाही, नजर मात्र सजग होते. आतल्या चित्रांनाही मग अर्थ येतो. रशियन चित्रकार वेरेश्चागिनच्या भव्य चित्रातली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सची, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डची, जयपूरमधली मिरवणूक आणि डॅनियल चुलत्या-पुतण्यांनी रंगवलेला निसर्गरम्य हिंदुस्थान ही नुसती दृश्यं नाहीत. देश कोणाच्या डोळ्यांनी पाहिला गेला, याची ती साक्ष आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अशा प्रत्येक वास्तूत प्रवेशद्वारापाशी पहिलं दालन त्या वास्तूच्याच इतिहासाचं असावं: आराखडे, वर्गणीचे हिशेब, कारागीर, तेव्हाचा विरोध आणि ज्यांना वगळलं त्यांची नावं. कर्झनने बाहेर ठेवलेल्या नानासाहेबांचा उल्लेख तिथे ठळकपणे असावा. राज्यघटनेच्या संघसूचीत व्हिक्टोरिया मेमोरियलचा उल्लेख करून त्याची जबाबदारी राष्ट्राने घेतली आहे. घुमट स्वच्छ ठेवल्याने ती जबाबदारी पुरी होत नाही. वास्तूचा खरा इतिहास सांगणं हाही तिचाच भाग आहे.