पुणं बघा, पण उन्हं असेपर्यंत!



आम्ही वाघोलीत राहायला आल्यापासून नगर-बीडकडचे पाहुणे आधी आमच्याकडेच उतरतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "पुण्यात काय बघायचं, काय खायचं?" मी हौसेने यादी सांगायचे. मागच्या हिवाळ्यात मात्र ती बदलावी लागली.

नगरहून मामीसासूबाई आल्या होत्या. त्यांचा चौविहार कित्येक वर्षांचा. मी त्यांना दुपारी जेवण झाल्यावर शहरात नेलं. तुळशीबागेतून माझाच पाय निघेना. परतताना खराडीच्या अलीकडे गाडी अडकली, ती हलेचना. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. घरी खिचडी तयार, पण गाडीत साधा खाकरा नाही, पाण्याची बाटलीही रिकामी. मामी रागावल्या नाहीत. डोळे मिटून नवकार म्हणत बसल्या आणि घरी येऊन तशाच झोपल्या. सकाळी नवकारसी होईपर्यंत घोटभर पाणी नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

जाताना म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. आता पुणं बघणं काही आपल्याला जमायचं नाही."

ते मनाला फार लागलं. दोन महिन्यांनी त्यांना आग्रहाने परत बोलावलं. त्या दिवसाचा क्रम तुम्हालाही उपयोगी पडेल.

नवकारसी झाली की लगेच निघा. गाडी शहरात नेऊ नका. रामवाडीहून मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला बदला आणि मंडईला उतरा. १८८६ सालची ती दगडी मंडई सकाळीच बघावी, भाजी ताजी असते. शेजारीच तुळशीबाग: भांडी, पोळपाट, देव्हाऱ्याचं सामान आणि मधोमध रामाचं शांत देऊळ.

जेवण बारापर्यंत उरकून घ्या. नुसतं "जैन द्या" म्हणू नका. कांदा-लसूण नको, बटाटा-गाजर नको असं एकेक सांगा आणि ग्रेव्ही वेगळी करणार का ते विचारा. मिसळीचा कट बहुतेक ठिकाणी आधीच कांदा-लसणाचा करून ठेवलेला असतो. पुण्यात उपवासाचे पदार्थ जागोजागी मिळतात, पण "उपवासाचं म्हणजे आपल्याला चालेल" असं समजू नका. त्यात बटाटा, रताळं हमखास! मस्तानी प्यायची तर आइस्क्रीममध्ये अंडं किंवा जिलेटिन नाही ना, हे विचारून घ्या. आर्द्रा नक्षत्रानंतर आंबा सोडत असाल तर दुसरा स्वाद घ्या.

परतताना रामवाडीला उतरून रिक्षाने आगाखान पॅलेसला जा. १९४२ साली गांधीजी आणि कस्तुरबांना इथेच कैदेत ठेवलं होतं. इथेच गांधीजींनी १९४३ मध्ये २१ दिवसांचा उपवास केला आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. त्यांच्या समाधीपाशी मामी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी स्वतः दोनदा अठाई केली आहे. हळूच म्हणाल्या, "एकवीस दिवस! आणि तेही कैदेत."

पाचला आम्ही घरी होतो. मामींनी खिडकीतून उन्हाकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, "अजून एक फुलका चालेल गं!"

आता माझ्या पिशवीत खाकरा आणि भरलेली बाटली कायम असते. तुम्हीही ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "तुमचे नियम आहेत, तुम्ही घरीच थांबा" असं म्हणू नका. त्यांच्या नियमात बसेल असा दिवस आखा.