जुना ड्रायव्हर आधी काढावा

ग्राफिक्स कार्ड बदलणे म्हणजे स्क्रू सोडवून पट्टी उपसणे, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण लग्नांच्या चित्रफितींचे संकलन करून घर चालवितो. त्याने एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे बसविले आणि पडदा वारंवार काळा पडू लागला. हप्त्यांवर घेतलेले कार्डच सदोष निघाले, असे समजून त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

दोष कार्डात नव्हता. ड्रायव्हर म्हणजे विंडोज व कार्ड यांमधील दुभाषा. जुन्या कार्डाचा दुभाषा अद्याप घरातच ठाण मांडून होता. तो काढताच पडदा स्थिरावला.

कंपनी तीच असल्यास जुन्यावर नवा ड्रायव्हर चढविला तरी बहुधा भागते. एनव्हिडियाकडून एएमडीकडे जाताना मात्र नवा ड्रायव्हर आधी आणून ठेवावा, इंटरनेट तोडावे (नाहीतर विंडोज आपल्याच मर्जीने एखादा ड्रायव्हर बसविते) आणि सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या साधनाने जुना पुसावा. त्या वेळी बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो. किल्लीवाचून सारे चित्रीकरण कुलुपात राहील.

मग वीज तोडून कार्ड बदलावे. आरंभी चित्र ओबडधोबड दिसते, ते विंडोजच्या कामचलाऊ ड्रायव्हरमुळे, घाबरू नये.

वापरलेले कार्ड स्वस्तात घेणारेही आपल्यात आहेत. जीटीएक्स ६८० सारख्या कार्डांसाठी नियमित नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबविले. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी त्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर कोणत्या तारखेचा, एवढे पाहून घ्यावे.