‘मालफंक्शन ५४’ म्हणजे काय हो?

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला एक धडा पक्का बसवला होता: वाचकाला कळलं नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हा धडा लागू आहे. कसा, ते बघा.

मार्च १९८६. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर शहरातलं कॅन्सर रुग्णालय. थेराक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने पडद्यावर दाखवलं, ‘मालफंक्शन ५४’. तक्त्यात त्याचा अर्थ दिलेला: ‘डोस इनपुट २’. बस्स, एवढंच! यातून ऑपरेटर बाईंनी काय समजायचं? यंत्र तसं वरचेवर अडायचंच. त्यांनी पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं आणि रुग्णाला किरणांचा दुसरा जबर तडाखा बसला. पाच महिन्यांनी तो गेला.

खरा अर्थ काय होता? मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली. हे एक वाक्य तक्त्यात लिहायला काय जात होतं?

मूळ बिघाड प्रोग्रॅममध्येच होता, मान्य. तो नेमका कसा घडतो, हे रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हॅगर आणि त्याच ऑपरेटर बाईंनी खटपट करून शोधलं. पण तोवर एप्रिलमध्ये तिथेच दुसरा रुग्णही भाजला होता. पडद्यावर तोच आकडा, ५४.

म्हणून मंडळी, काय बिघडलं, धोका किती आणि आता काय करायचं, हे साध्या भाषेत न सांगणारी सूचना अर्धवटच. आपल्या ऑनलाइन फॉर्मवरची ‘एरर’सुद्धा!